हेक्टरी अकराशे अकरा खड्डे

वनजमीन दुसऱ्या कामासाठी मागायची तर केंद्र सरकारच्या ठरावीक नमुन्यात प्रस्ताव करावा लागतो. पहिला भाग जमीन मागणारी यंत्रणा भरते, दुसरा त्या विभागाचे उपवनसंरक्षक. झाडं किती, कोणत्या जातीची, उतार कसा, वन्यप्राणी कोणते, असे प्रश्न ओळीने येतात. त्यांच्यातच एक प्रश्न आहे, त्याचा आशय असा : या क्षेत्रात एखादं संरक्षित पुरातत्त्वीय किंवा वारसास्थळ, संरक्षण खात्याची जागा किंवा दुसरं महत्त्वाचं स्मारक आहे का? असेल तर तपशील द्या आणि लागत असेल तिथे ना-हरकत दाखला जोडा.

डहाणू-तलासरीच्या जंगलातला बहुतेक कुठलाही तुकडा घ्या, इथे उत्तर 'नाही' असंच येणार. ते लिहिणारा खोटं लिहितो असंही नाही. संरक्षित स्मारकांची यादी असते, ती बघायची, गाव नसलं की 'नाही' लिहायचं. पण जिथे कोणी बघायलाच गेलं नाही, ती जागा यादीत येणार कुठून?

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोकांच्या भाषेत मोजणीवाला. नोकरीचा मोठा काळ याच दोन तालुक्यांत गेला : चारोटी, कासा, सायवन, उधवा, तलासरी. हद्दकायम मोजणी, फाळणी, रस्त्यासाठी संपादनाची मोजणी, पुढे वनहक्क दाव्यांच्या मोजण्या. निवृत्तीनंतर पुरातत्त्वाचा एक छोटा अभ्यासक्रम केला आणि तेव्हापासून कॉलेजच्या पोरांना घेऊन रानात फिरतो. फिरणं तेच, फक्त आता नजर हद्दीच्या दगडावर न राहता दगडाशेजारच्या मातीवर असते.

आधी ही अदलाबदल कशी होते ते सांगतो. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने जंगलाची जमीन केंद्राच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला देता येत नाही. मंजुरी मिळाली तर सर्वसाधारण नियम हेक्टराला हेक्टर असा आहे. जंगलाची जितकी जमीन घेतली तितकीच बिगरवन जमीन दुसरीकडे वनखात्याला द्यायची आणि तिच्यावर झाडं लावायचा खर्च भरायचा. केंद्राच्या काही प्रकल्पांना जमीन देण्याऐवजी दुप्पट क्षेत्राच्या उजाड जंगलात लागवड करून देण्याची मुभा आहे. शिवाय जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य म्हणून हेक्टरी काही लाख रुपये भरावे लागतात. म्हणजे झाडांची किंमत ठरते, जमिनीच्या बदल्यात जमीन ठरते. त्या मातीत काय आहे, याचा रकाना एकच, तो मघाशी सांगितला तेवढा.

आमच्याकडे या अदलाबदलीला गेल्या काही वर्षांत जोर चढला आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, विजेच्या उच्चदाब वाहिन्या, सगळं याच पट्ट्यातून उत्तरेकडे जातं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे ही चिंचोळी पट्टी; जायला दुसरी वाट नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, त्याच्या जोडरस्त्याला आणि रेल्वेलाही जमीन लागणार. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं, त्यांनी हवा, पाणी, झाडं यांवर वर्षानुवर्षं सुनावण्या घेतल्या. जमिनीखालच्या गोष्टींसाठी मात्र असं काही पीठ नाही.

'या जंगलात असून असून काय असणार?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक शिकलेले असतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहा नंबरच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने ज्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या त्यांची नावं तिथे कोरली आहेत : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. ही शेवटची म्हणजे डहाणूची खाडी. तेव्हा इथे नदी ओलांडणाऱ्यांची इतकी वर्दळ होती की राजाच्या जावयाला नावांचं पुण्य मोठं वाटलं.

दुसरी गोष्ट चिंचणीची. डहाणू तालुक्यातल्या या गावात १९५५ साली नऊ ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यातून कळतं की संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या मुलखाचा कारभार एका अरब अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं, म्हणजे मुहम्मद. या मुसलमान कारभाऱ्याने दोन प्रवाहांवर फुकट होड्या चालवल्या, भात, कालवण आणि तुपासह जेवण मिळेल असं अन्नछत्र घातलं, आणि संयानमध्ये भगवतीची मठिका उभी राहिली तेव्हा तिच्या खर्चासाठी गाव आणि जमीन लावून दिली. शंभरेक वर्षांनी, शके ९५६ मध्ये, तिथल्याच एका मठिकेच्या दिव्यासाठी शिलाहारांच्या मांडलिकाने तेलाचा घाणा दिला, त्याचाही ताम्रपट या गठ्ठ्यात आहे.

मी हे ताम्रपट मोजणीवाल्याच्या नजरेने वाचतो. जमीन कोणी कोणाला दिली, कशासाठी दिली, पुढे वाद झाला तर काय, हे सगळं तांब्यावर. दानपत्रात चारही बाजूंच्या हद्दी लिहायची पद्धत होती : पूर्वेला अमका ओढा, दक्षिणेला तमक्या गावची शीव. आमच्या पंचनाम्यात आजही चतुःसीमा याच क्रमाने येते. आणि उत्तर कोकणात शिलाहारांच्या काळात दानाच्या जमिनीवर गधेगाळ नावाचे दगड उभे करत. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली हे दान मोडणाऱ्याला दिलेली अर्वाच्य शिवी, आणि ती न वाचता येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्र काढलेलं. हद्दीचा दगड उपटणाऱ्यावर इतकं जालीम कलम आमच्या जमीन महसूल संहितेत नाही.

संजाण आता गुजरातेत, तलासरीच्या उत्तरेला लगतच. २००२ ते २००४ या काळात तिथे उत्खनन झालं, त्यात पश्चिम आशियातली निळी-हिरवी चकाकीची खापरं निघाली, चिनी भांड्यांचे तुकडे निघाले, पारशांचा मृतदेह ठेवायचा जुना दोखमा उघडा झाला. हल्ल्यात संजाण पडल्यावर तिथले पारशी आपला पवित्र अग्नी घेऊन बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांमध्ये राहिले, असं १५९९ साली लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण'मध्ये आहे. तो डोंगर बोर्डी-घोलवडच्या मागे, डहाणू तालुक्यात. तलासरीत बल्लाळगड, डहाणूत गंभीरगड आणि सेगवागड, खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचा डहाणूचा किल्ला.

आता हीच ठिकाणं नकाशावर टिंबं देऊन बघा. टिंबं एकतर किनाऱ्यावर पडतात किंवा डोंगरमाथ्यावर. मधला जंगलपट्टा कोरा. संजाण-डहाणूच्या बंदरात उतरलेला माल घाटावर जायचा, घाटावरचा खाली यायचा. लाकूड, मध, लाख, कात जंगलातून यायचा. माल काही उडत जात नव्हता. वाटा होत्या, वाटेवर पाणवठे होते, मुक्काम होते, लोखंड गाळणारे होते, कोळसा पाडणारे होते. कोरेपणा जमिनीचा नाही, बघणाऱ्यांचा आहे.

बघायचं म्हणजे करायचं काय? पुरातत्त्व म्हटलं की लोकांना खड्ड्यात बसून ब्रशने माती झाडणारी माणसं आठवतात. सर्वेक्षणात कुदळ लागतच नाही. आधी दप्तर बघायचं : १८८२ चं ठाणे गॅझेटियर, मूळ मोजणीची टिपणं, गावनकाशे. गावनकाशावर देऊळ, विहीर, जुनी वाट यांच्या खुणा असतात. शेतांची नावं विचारायची. कोटाचं, गढीचं, देवळाचं अशी नावं कोणी उगाच ठेवत नाही. मग माणसं एका ओळीत उभी करायची आणि समांतर चालत सुटायचं, नजर जमिनीवर.

माणसामाणसात अंतर किती, तर साधारण दहा ते तीस मीटर. आमची जुनी साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. ३३ फूट म्हणजे दहा मीटरच. तेव्हा मी पोरांना एकेका साखळीवर उभं करतो. दहा जण दहा-दहा मीटरवर उभे राहिले की शंभर मीटरचा पट्टा झाला, आणि शंभर मीटर चालले की एक हेक्टर झाला. पन्नास हेक्टरांचा प्रस्ताव असेल तर प्रत्येकाला चालायचं पाच किलोमीटर. थांबत, फोटो काढत, जीपीएसवर नोंद घेत गेलं तरी फार तर दोन-तीन दिवसांचं काम. जिथे हेक्टरी लाखांत रक्कम भरली जाते तिथे या खर्चाचं ओझं कोणाला वाटेल असं मला वाटत नाही.

पण कधी चालायचं याला महत्त्व आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं. पौष-माघात सागाची पानं गळून जमिनीवर चादर. आमच्याकडे खरा हंगाम राब भाजल्यानंतरचा. भाताच्या रोपासाठी शेतकरी फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात. ती जागा काळीभोर आणि उघडी पडते. वळवाची एक सर आली की वरची राख धुऊन जाते आणि मातीत काय दडलंय ते वर येतं. खापरी असेल तर लालसर कड चमकते. त्या आठवड्याभरात जे दिसतं ते वर्षभर दिसत नाही.

दिसतं काय काय? सागाच्या रानात मधेच जुनी चिंच आणि दांडगा आंबा दिसला की तिथे कधीतरी वस्ती होती असं धरून चालावं. जवळपास जोत्याचे दगड, पांढरट माती, बुजलेली विहीर शोधायची. लोखंडाचा कीट, जड आणि बुडबुडे आलेला, हातात घेतला की वजनावरूनच ओळखू येतो. कोळशाच्या भट्टीची जागा गोल, आजही काळी, तिच्यावर गवत वेगळंच उगवतं. आणि नशीब असेल तर गारगोटीची किंवा अकीकची नखाएवढी पाती. यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात. शेती यायच्या आधीच्या शिकाऱ्यांनी ती लाकडात किंवा हाडात बसवून वापरली. मुंबईत कांदिवलीला के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने १९३०च्या दशकात दगडी हत्यारं शोधून काढली, तेव्हापासून उत्तर कोकणात अशी हत्यारं मिळतात हे माहीत आहे.

हे पातं ओढ्यातल्या खड्यापासून ओळखायचं कसं, हे पोरांना शिकवायला मला सर्वांत आवडतं. पातं बोटांत धरायचं आणि तिरप्या उन्हात फिरवायचं. माणसाने हिशेबाने फटका मारून काढलेल्या पात्याला, जिथे फटका बसला तिथे खालच्या अंगाला बारीकसा फुगवटा असतो, आणि त्याच्याभोवती तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं. वरच्या अंगाला आधी निघालेल्या पात्यांच्या सरळ, समांतर धारा. गुराच्या खुराखाली फुटलेल्या दगडाला कड येते, पण ही सगळी लक्षणं एकत्र येत नाहीत. ओढ्यातल्या खड्याच्या कडा तर झिजून गोल झालेल्या असतात. एकदा डोळा बसला की मग सुटका नाही. बसची वाट बघतानाही माणूस खडी चाळत बसतो.

आता पाड्यांकडे येतो, कारण सर्वेक्षणातली अवघड गोष्ट दगड नाही, माणसं आहेत.

वारली पाड्याच्या शिवेवर वाघदेव असतो. लाकडाचा किंवा दगडाचा उभा पाट, त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्यावर शेंदराचे थर. वाघबारशीला त्याची पूजा होते. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची १५० ठाणी नोंदवणारा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तो बिबटे आणि माणसं एकमेकांशेजारी कशी राहतात हे समजून घेणाऱ्या संशोधकांनी केला, पुरातत्त्ववाल्यांनी नव्हे. चंद्र-सूर्य गधेगाळावर, तेच वीरगळावर आणि तेच वाघदेवावर. या खुणा कोणी कोणाकडून घेतल्या हे ठरवायला मी बसत नाही, पण तिन्ही दगड शिवेशी नातं सांगतात आणि मोजणीवाल्याला ते दिसल्याशिवाय राहत नाही.

एका पाड्यावर आम्ही अशा दगडाची मापं घेत होतो. पाट सुमारे अडीच फूट उंच, खालचा भाग मातीत. शेंदूर इतका की वाघाचे पाय आतच राहिले होते, शेपूट तेवढी वर आलेली. शेजारी आणखी दोन जुने, फुटके पाट टेकवून ठेवलेले. नवा बसवला की जुना फेकत नाहीत. पाड्यावरचे आजोबा बराच वेळ मुकाट बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, याला नंबर नका देऊ."

मी विचारलं, का? तर म्हणाले, ज्या झाडाला नंबर पडतो ते झाड जातं.

खरंच आहे. तोडायच्या झाडावर आधी रंगाने आकडा पडतो. त्यांनी आयुष्यभर हेच बघितलं. तेव्हापासून आमचा नियम असा की नंबर फक्त कागदावर, दगडाला हात लावायचा नाही, आणि नोंदीची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तराला. कुठल्या जागेचा पत्ता कोणाला सांगायचा नाही हेही पाड्याने ठरवायचं.

दुसरी भीती शेतकऱ्यांची. काहीतरी सापडलं असं कळलं की सरकार जमीन अडकवेल, घराचा चौथरासुद्धा बांधू देणार नाही. ही भीती हवेतली नाही. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगीचा विळखा, हे २०१० पासून कायद्यात आहे. पण ते संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकापुरतं. शेतात चार खापरं सापडल्याची नोंद झाली म्हणून सातबाऱ्यावर काही चढत नाही. आणखी एक जुना कायदा १८७८ चा : जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायची. दहा रुपये ही मर्यादा अजून तीच आहे. लोक वस्तू लपवतात किंवा रातोरात विकतात त्याचं निम्मं कारण ही अर्धवट माहिती.

आणि या नोंदींचा पाड्याला सरळ फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे नियम बघा. सामूहिक हक्काच्या दाव्याला पुरावा म्हणून जुन्या बांधकामांचे अवशेष, देवाच्या जागा, पवित्र झाडं, राया, तळी, दफनभूमी हे सगळं चालतं. १३ व्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे फुटक्या पाटांसह उभा असलेला तो वाघदेव, मोडक्या जोत्याची ओळ, बुजलेली विहीर, हे संग्रहालयाचं सामान नसून दाव्याचं कागदपत्र आहे. आणि हक्कांची पडताळणी पुरी झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही, हेही त्याच कायद्यात. जमीन रस्त्याखाली गेल्यावर हा पुरावा मागून मिळणार नाही. तेव्हा चालायचं ते आधी.

आधी चालण्याची ही पद्धत अमेरिकेत आहे. तिथेही सरकारी जंगलाची खाजगी जमिनीशी अदलाबदल होते. तिथे क्षेत्राला क्षेत्र नसून किमतीला किंमत जुळवतात. पण १९६६ च्या त्यांच्या वारसा कायद्याचं १०६ वं कलम असं की केंद्र सरकारने काहीही करण्याआधी जुन्या अवशेषांवर काय परिणाम होईल ते बघायलाच हवं. यादीतल्याच नव्हे, यादीत येण्याजोग्या जागांवरही. म्हणून अदलाबदलीआधी पुरातत्त्ववाले ओळी धरून जंगल पालथं घालतात, तिथल्या मूळ जमातींशी बोलतात. त्याखालच्या नियमांतलं मला सर्वांत पटलेलं कलम वेगळंच आहे. महत्त्वाची जागा पुरेसं कायदेशीर बंधन न घालता सरकारच्या हातून जाणं, हीच मुळात हानी मानतात. बुलडोझर यायची वाट बघत नाहीत.

तिथेही सगळं गोडीगुलाबीने चालतं असं समजू नका. ॲरिझोनातलं ओक फ्लॅट ही अपाची लोकांची पवित्र जागा. २०१४ साली अमेरिकी काँग्रेसने एका मोठ्या विधेयकात कलम घुसवून ती सुमारे २,४०० एकर वनजमीन तांब्याच्या खाणीसाठी अदलाबदलीत द्यायचं ठरवलं. पाहण्या झाल्या, नोंदी झाल्या, २०१६ मध्ये जागा राष्ट्रीय यादीतही आली, आणि तरी भांडण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. सर्वेक्षणाने जागा वाचतेच असं नाही. काय जाणार आहे ते दोन्ही बाजूंना कळतं एवढंच.

आपल्याकडे कळण्या-न कळण्याने काय फरक पडतो ते राजापूरला बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१२ पासून पायी फिरून नोंदवली. सातबाऱ्यावर अशा सड्याला आम्ही पोटखराब, म्हणजे पिकाला अयोग्य, असं लिहितो. २०२२ मध्ये कोकणातली निवडक कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत बारसूचा सडा आहे, आणि त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला. काही हौशी माणसं आधी तिथे चालून गेली होती म्हणून निदान चर्चा झाली. नाहीतर पोटखराबाची कोण चौकशी करतो? जंगलाचं उदाहरण हवं तर बांधवगडचं. २०२२ च्या मे-जूनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्या व्याघ्र प्रकल्पातलं सुमारे १७० चौरस किलोमीटर क्षेत्र पाहिलं आणि २६ लेणी, २६ देवळं, २४ शिलालेख, ४६ मूर्ती नोंदवल्या. त्याआधीची पाहणी १९३८ ची होती.

डहाणूत बांधवगड सापडेल असं मी म्हणत नाही. इथलं सापडणं बारीक असेल : खापरं, कीट, जोती, वाटा. काही तर कायद्याच्या हिशेबात जुनंही ठरणार नाही. केंद्राचा कायदा शंभर वर्षांचा, अमेरिकेत पन्नास वर्षं पुरतात. तलासरीतल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारी मोडण्याचा लढा पेटला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याच्या जागा सरकारी व्याख्येत २०४५ पर्यंत प्राचीन नाहीत. त्याआधी त्यांच्यावरून रस्ता गेला तर रकान्यात 'नाही' हेच उत्तर बरोबर.

आता अदलाबदलीची दुसरी बाजू, तिच्याकडे तर कोणी बघतच नाही. जंगल गेलं, त्याच्या बदल्यात दुसरीकडची जमीन आली. ती बहुतेक माळरान, पडीक, पोटखराब. म्हणजे नांगर न लागलेली, अवशेष टिकून राहायला सर्वांत चांगली. तिच्यावर आपण काय करतो? चर खणतो आणि खड्डे पाडतो. तीन मीटर बाय तीन मीटर अंतराने लागवड धरली तर हेक्टरी १,१११ खड्डे. प्रत्येक दीड फूट लांब, रुंद आणि खोल. पन्नास हेक्टरांत पंचावन्न हजारांच्या वर. जुन्या वस्तीची पांढर असेल तर तिची चाळण होऊन जाते, आणि काम असतं झाडं लावण्याचं, म्हणून त्याला हरकत घ्यावी असं कोणाच्या मनातही येत नाही.

पण यातच एक सोय आहे. अमेरिकेत जिथे पाल्याखाली जमीन दिसत नाही तिथे पुरातत्त्ववाले ठरावीक अंतरावर फूट-दीड फुटाचे खड्डे घेतात आणि माती चाळणीतून काढतात. तीस मीटरला एक धरला तर हेक्टरी अकराच्या आसपास पडतात. आपण त्याच्या शंभरपट खड्डे सरकारी खर्चाने खणतो आणि काठावर पडलेल्या मातीकडे ढुंकून बघत नाही. खड्डे उन्हाळ्यात खणून तापत ठेवतात, पाऊस पडला की रोप लावून बुजवतात. तेवढे दोन महिने ती माती उघडी असते. मी अशा लागवडीवरून फिरलो आहे. एका उतारावर ओळीने पाच-सहा खड्ड्यांच्या काठाला जाड, लाल, वाळू मिसळलेली खापरं होती आणि पुढच्या ओळीत एकही नाही. वस्ती कुठे संपली ते बसल्या जागी कळलं, आम्ही एक ढेकूळसुद्धा न उकरता.

खड्डे खणणाऱ्या बहुतेक बाया. त्यांना मजुरी खड्ड्यामागे, त्यामुळे खापर लागलं तरी थांबणं परवडत नाही. बाजूला फेकून पुढे. माझं म्हणणं असं आहे की लागवडीच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढवावी : खड्ड्यात काही लागलं आणि मुकादमाला दाखवलं तर त्या खड्ड्याची मजुरी दुप्पट. मुकादमाने खड्ड्याचा नंबर लिहून घ्यायचा, वस्तू पिशवीत, पिशवीवर तोच नंबर, आणि आठवड्याला एकदा कॉलेजातलं कोणीतरी येऊन बघून जाणार.

हे मी एका जुन्या सहकाऱ्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, "मग काय, पहिल्या आठवड्यात सगळ्याच खड्ड्यांत खापरं निघतील. घरोघरच्या फुटक्या घागरी येतील." येऊ देत की. घरची घागर आणि जुनं खापर यांतला फरक पोरांना दोन दिवसांत कळायला लागतो, आणि त्या बायांना त्याच्याही आधी कळतो. मडकी आयुष्यभर त्यांनीच हाताळली आहेत.